नखांतला निळा

६ जानेवारी

धाकटे,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतंच धाकटे. तुझ्या शेवटच्या पाकिटावरचा पत्ता उतरवून काढलाय. त्या पाकिटाला सहा वर्षं झाली. अजून तिथेच राहत असाल तर हे पोचेल, नाहीतर पोस्टमन वाचेल आणि हसेल. हसू दे.

कामाचं तेवढं लिहिते. नखांच्या कडेला निळा रंग बसला तर तो कशाने जातो, एवढं तुझ्या नवऱ्याला विचारून कळव. माझ्या ओळखीच्या एका बाईला हवंय. तिने साबण लावून पाहिला, सोडा लावला, लिंबू चोळलं, शेवटी दगडाने घासलं. बोटांची सालं निघाली, निळा आहे तिथेच आहे. तुझा नवरा जन्मभर रंगाच्या टाकीत हात घालून उभा, त्याला ठाऊक असेल. बाकी त्याच्याकडून मला काही नको.

माझं बरं चाललंय. डाव्या कानाने आता अजिबात ऐकू येत नाही. उजव्याने दार वाजलेलं कळतं, तेही कोणी लाथ घातल्यासारखं वाजवलं तर. तीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभी राहिले, आणखी काय होणार. पण आपल्या मागवाल्यांना कान हवेत कशाला? समोरच्याचे ओठ दिसले की पुरे. माझ्या शेजारच्या मागावरची चिमणी तुला आठवत असेल. परवा तिने कँटीनच्या त्या टोकावरून सुनेची अख्खी कहाणी मला ओठबोलीत सांगितली, आवाज न काढता, आणि मधे बसलेल्या रंगवाल्यांना पत्ता नाही. की तिकडे जाऊन तू आपली ओठबोलीही विसरलीस?

इथल्या पाण्यात रंग नीट चढत नाही, तिथलं पाणी चांगलं आहे, म्हणून निघालो, असं तुझा नवरा भेटेल त्याला सांगत सुटला होता. अकरा वर्षं झाली, मला ते कारण अजून पटलेलं नाही. पाण्यासाठी कोणी महिना-दीड महिन्याचं मूल उचलून एवढ्या लांब जातं का? तुला माझ्यापासून तोडायचं होतं, दुसरं काही नाही. असो. ते उगाळायला मी लिहीत नाहीये.

निळ्याचं तेवढं कळव.

ताई


२४ जानेवारी

धाकटे,

तुझं कार्ड आलं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, ओळ सरळ म्हणून जायची नाही, वरच चढत जाणार. लहानपणी पाटीवर मी तुला रेघा मारून द्यायची, तेव्हाही तू त्या ओलांडायचीस.

तू लिहितेस, "हे म्हणतात निळा कशानेही जात नाही. नख वाढतं तसा पुढे सरकतो, मग कापायचा. खरवडू नये, आणखी आत बसतो. तुझी ती ओळखीची बाई बरी आहे ना?" ती शेवटची ओळ तू हसत लिहिलीस, मला इथून दिसलं. बरं बाई, ती ओळखीची बाई मीच.

गिरणीत नवे माग आलेत. एक माणूस आठ-आठ सांभाळतो. आमचे निम्मे जुने माग उचलून नेले, आणि ज्यांचे गेले त्यांना सांगितलं, रंगखात्यात जा नाहीतर घरी बसा. चिमणीचा माग राहिला, माझा गेला. भिंतीवरची यादी मी तीनदा वाचली. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, घरी बसून भिंतीशी बोलू? गेले.

आपण रंगखात्याबद्दल काय काय ऐकत मोठ्या झालो ते तुला सांगायला नको. आई स्वतः मागावरची. रंगवाल्यांच्या पोरांत खेळायचं नाही, त्यांच्या अंगाला वास येतो, ते तोंडाळ असतात, त्यांना स्वच्छतेचं वावडं. आईला हे कोणी सांगितलं होतं, मी कधी विचारलं नाही. आपण मागवाले आणि ते डाग, एवढं मला चालता येण्याआधीपासून ठाऊक. तू लग्नाचं सांगितलंस तेव्हा मी बरंच काही बोलले होते. नेमकं काय ते आता आठवत नाही.

तिथे वाफ इतकी की समोरचं माणूस गळ्यापर्यंतच दिसतं. हातमोजे देतात, पण आत वाफ शिरून हात उकडून निघतात, आणि ओल्या कापडाचा पीळ बोटांना कळत नाही. तिसऱ्या दिवशी मी काढून फेकले. तिथल्या मुख्य बाईला सगळे पिवळी म्हणतात. वीस वर्षं पिवळ्या टाकीवर होती, अजून कोपरापर्यंत तशी दिसते. ती मला हाताने खुणा करून काम दाखवते. मी मान हलवते आणि करते. बोलत कोणाशी नाही.

बसमध्ये मी हात शालीखाली घेऊन बसते.

ताई


१४ फेब्रुवारी

धाकटे,

मे महिन्यात मुलीला घेऊन येते म्हणतेस. ये ना. मी ते पत्र उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं. वरच्या खोलीतला पलंग मोकळा करते. पोरीला काय आवडतं ते कळव. अकरा वर्षांची झाली म्हणजे उंच झाली असेल. तुझ्यावर गेलीय की

असो, कोणावरही गेलेली असो.

इकडची एक गोष्ट सांगते. तुला सांगावी की नाही, चार दिवस विचार केला. कँटीनमध्ये खिडकीजवळच्या भिंतीला खुंट्या आहेत, तिथे मागवाल्यांचे पेले टांगलेले असतात, आणि मोरीजवळच्या फळीवर रंगवाल्यांचे, हे तर तुला माहीतच आहे. असा नियम कोणी लिहिलेला नाही. मी रंगखात्यात गेले तरी माझा पेला खुंटीवरच होता. रोज जायची, पेला काढायची, आमच्या टेबलावर बसायची. सरकून जागा द्यायला लोकांना जरा वेळ लागतोय हे दिसत होतं, पण मी दुर्लक्ष केलं.

सोमवारी गेले तर खुंटी रिकामी. चिमणीने पेला वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता. माझ्या हातात दिला आणि म्हणाली, तिकडे लागेल ना तुला. अगदी प्रेमाने म्हणाली, खरंच. बावीस वर्षं आम्ही शेजारी उभ्या होतो. तिची बाळंतपणं मी केली, माझा नवरा वारला तेव्हा ती आठ दिवस माझ्याकडे झोपायला होती. माझ्या नखांकडे तिने एकदाच पाहिलं आणि पेला द्यायच्या आत हात मागे घेतला.

मी रंगवाल्यांच्या टेबलाच्या कडेला जाऊन बसले.

तुझा पेला मी असाच काढला होता. तुझं लग्न झालं त्याच आठवड्यात. वर्तमानपत्रात गुंडाळला, आणि तुला वाईट वाटू नये म्हणून हसून दिला. तू घेतला नाहीस, टेबलावर ठेवून गेलीस. मला वाटलं, काय हा तोरा! तो माझ्या कपाटात आहे. पांढरा, कडेला टवका उडालेला. मी तो कधी वापरला नाही आणि टाकलाही नाही.

मे लवकर येऊ दे.

ताई


३ मार्च

धाकटे,

घाईत लिहिते. मे महिन्यात यायचं जरा पुढे ढकललंत तर बरं होईल. घराला रंग काढायचाय, सामान सगळं बाहेर येईल, तुमची गैरसोय होईल. पाऊस संपल्यावर बघू.

बाकी विशेष काही नाही. प्रकृती ठीक.

ताई


९ मार्च

धाकटे,

घराला रंग वगैरे काही काढायचा नाहीये. मी घाबरले होते, म्हणून खोटं लिहिलं. आता खरं लिहिते. हे पत्र तू एकटी असताना वाच.

गेल्या महिनाअखेरीची गोष्ट. दुपारी मी रंगवाल्यांच्या टेबलावर डबा खात होते, पिवळी शेजारी. पलीकडून चिमणीने ओठांनी विचारलं, काय गं, वासाचं काय? मला इतकं बरं वाटलं ती बोलली म्हणून. मीही लगेच ओठांनी उत्तर दिलं, यांच्यात बसून बसून उद्या माझाच मला वास येईल. चिमणी हसली. मग पिवळीने मिठाची वाटी माझ्याकडे सरकवली, तोंड माझ्याकडे वळवलं, आणि आवाज न काढता, अगदी आपल्यासारखी, ओठांनी म्हणाली, "सवय होते. पहिले आठ दिवसच येतो."

मी डबा बाजूला सारला.

मी तिला म्हटलं, तुला कळतं? ती म्हणाली, सगळ्यांना कळतं. टेबलावर बारा जण होते. एकेकाकडे पाहिलं, प्रत्येकाने ताटात बघितलं. मी विचारलं, कधीपासून? तेव्हा ती जे म्हणाली ते मी तुला जसंच्या तसं लिहिते. "कित्येक वर्षं. तुम्ही आमच्याकडे बघत नव्हता. आम्ही तुमच्याकडे बघत होतो."

मग सांगितलंत का नाही, म्हटलं. तर म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही पाठ करून बसला असता. मग आम्हाला कळलं कसं असतं, कोण आजारी आहे, कोणाच्या घरी काय झालंय, साहेब कोणाला काढणार आहेत? आणि खरं सांगू, म्हणाली, कधीकधी करमणूकही व्हायची. ते आपल्याला मासे म्हणतात, धाकटे. आवाज न करता तोंडं उघडतो-मिटतो म्हणून. मला त्याही अवस्थेत हसू आलं.

हसता हसता एकदम तुझा नवरा आठवला. मी तिला विचारलं, माझ्या धाकटीचा नवरा? त्यालाही येतं? पिवळी म्हणाली, "त्याला? इथल्या निम्म्यांना त्यानेच शिकवलं."

तुला हे माहीत असणारच. तुझ्या छत्रीची दांडी मोडली होती, तू कँटीनमध्ये मला ओठांनी सांगितलंस, आणि दुसऱ्या दिवशी ती छत्री खुंटीवर दुरुस्त होऊन लटकत होती. तू आठ दिवस विचारत फिरलीस, कोणी केली. तुमचं सगळं तिथूनच सुरू झालं असेल. तू मला कधी बोलली नाहीस. आधी मला राग आला, सख्ख्या बहिणीपासून लपवलं म्हणून. पण ते गुपित तुझं नव्हतंच, त्यांचं होतं. मला सांगितलं असतंस तर मी दुसऱ्या दिवशी अख्ख्या मागखात्याला सांगितलं असतं.

आता जे तुला माहीत नाही ते सांगते.

पोरगी महिन्याची होती तेव्हा मी तिला बघायला तुझ्याकडे आले होते, चिमणीला घेऊन. तू आत चहा करत होतीस. तुझ्या नवऱ्याने पोर आणून माझ्या मांडीवर ठेवली. तो तिथेच उभा होता, हातात बिस्किटांची बशी. मी चिमणीकडे पाहिलं आणि ओठांनी म्हटलं, "नखं बघून घे गं पोरीची. निळी असतील." चिमणी हसली. तिला हसलेलं पाहून मला आणखी जोर चढला. मी म्हटलं, "आमच्या घराला डाग लागला."

तुझ्या लेकीला म्हटलं मी ते. मांडीवर घेऊन. तिची मूठ माझ्या बोटाभोवती होती तेव्हा.

त्याने बशी खाली ठेवली. वाकून दुपट्याचं टोक ओढलं आणि पोरीचे दोन्ही हात झाकले. मोठ्याने म्हणाला, "हात गार पडतात तिचे." माझ्याकडे बघितलं. मला वाटलं हसतोय. मीही हसले. तू चहा घेऊन आलीस, आपण चहा प्यायलो. त्यानंतर तीन आठवड्यांनी तुम्ही गाव सोडलं, पाणी चांगलं आहे म्हणून.

तुम्ही निघालात त्या दिवशी मी स्टँडवर आले नाही. पाच वर्षं तुझी पत्रं येत राहिली, मी एकालाही उत्तर दिलं नाही, कारण माझ्यावर अन्याय झाला अशी माझी खात्री होती. इतकी वर्षं मी चिमणीला, शेजाऱ्यांना, सगळ्यांना सांगत आले की रंगवाले असेच, माणसं तोडतात.

तू येणार म्हणून मी वरची खोली झाडून ठेवलीय. मनात आलं होतं, गप्प बसावं. त्याने तुला एवढ्या वर्षांत सांगितलं नाही तर आताही सांगणार नाही. तू येशील, पोरगी येईल, आठ दिवस सुखात जातील. पण मग तुझ्या समोर बसून मी त्या पोरीच्या हाताकडे बघू कशी? आता यायचं की नाही ते तू ठरव.

मला तुझी फार आठवण येते. हे आधीच लिहायला हवं होतं.

ताई


१० एप्रिल

धाकटे,

महिना होऊन गेला. उत्तर मागत नाही. पोस्टमनला मात्र सांगून ठेवलंय, दार वाजवू नको, पाकीट असलं तर खिडकीतून आत टाक.

चिमणीला मी काही सांगितलेलं नाही. मी आता फळीवर पेला ठेवणारी आहे, तिथली गोष्ट बाहेर कशी सांगू. परवा ती पलीकडून पिवळीबद्दल काहीतरी वाकडं बोलली. मी ओठांनीच म्हटलं, चिमणे, नीट बोल, बाईमाणूस आहे, दोन नातवंडं आहेत तिला. चिमणी फुगून बसली. पिवळी ताटात बघत होती, पण तिचा घास काही हलेना. उठताना तिने माझा पेला आपल्याबरोबर विसळून ठेवला.

माझंही चिमणीसारखंच होत चाललंय, ते सांगते, म्हणजे मी साधू झाले असं तुला वाटायला नको. नवी मागवाली बाई परवा रंगखात्यात बदलून आली, नाक धरून. पिवळी म्हणाली, आली बघ मासोळी. सगळे हसले आणि सगळ्यांत मोठ्याने मी हसले. घरी येऊन विचार केला, काय गं तू. टेबल बदललं की तोंडही बदलतं का माणसाचं. दुसऱ्या दिवशी मी त्या बाईला मीठ दिलं. अजून ती माझ्याकडे बघत नाही.

ताई


२८ एप्रिल

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. पाच ओळी. मी त्या पाठ केल्यात.

तू येणार नाहीस. बरोबर आहे. "एवढी वर्षं यांनी मला पाण्याचं कारण सांगितलं आणि मी ते खरं मानलं. तुझ्यामुळे यांना माझ्याशी खोटं बोलावं लागलं," असं लिहिलंस. तुझ्या जागी मी असते तर पाच ओळीही लिहिल्या नसत्या.

पण शेवटची ओळ मला समजत नाही. "हे यायचं म्हणतात, मुलीला घेऊन. मी अडवलं नाही." ते का येतायत? मला बोलायला येत असतील तर मी ऐकून घेईन. म्हणजे बघून घेईन. त्यांना सांग, उजेडात बसून बोला, ओठ नीट दिसतील असे.

ताई


२१ मे

धाकटे,

कालच ते दोघं तुझ्याकडे पोचले असतील. त्यांनी तुला सांगितलं असेलच, तरी माझ्या बाजूने लिहिते.

ते आले त्या सकाळी मी दाराकडे कान लावून बसले होते, माझे कान म्हणजे काय ते तुला माहीतच आहे. दार वाजलंच नाही. वर बघते तर ते खिडकीसमोर उभे. केस पांढरे झालेत, पण उभं राहायची पद्धत तीच, एक खांदा खाली. काचेतून ओठांनी म्हणाले, "ताई, दार उघडा." एवढ्या वर्षांत माझ्याशी पहिल्यांदाच ते आपल्या बोलीत बोलले. मी कडी काढली.

मी बोलायचं सगळं ठरवून ठेवलं होतं. पोरगी अंगणात पायरीवर बसल्यावर मी त्यांच्यापुढे उभी राहिले आणि बोलले, सगळं, नखांचं आणि डागाचं, शब्द न गाळता. ते खाली बघत होते. मग त्यांनी मान वर केली, मला दिसेल अशी. म्हणाले, "राग आला होता. खूप. अजून कधीकधी येतो." मी म्हटलं, येऊ दे. राहिलो असतो तर रोज कँटीनमध्ये तुमच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं, म्हणाले, म्हणून गेलो. मी विचारलं, धाकटीला का नाही सांगितलंत? तेव्हा म्हणाले, "तिला एकच बहीण आहे."

मी आत जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं.

आता तुझी लेक. बाई गं! मी तिला बिस्किटं द्यायला गेले, तर तोंडापुढची बट मागे सारून मला ओठांनी विचारते, मावशी, मोठ्याने बोलू की नुसतं? मी थक्क. कोणी शिकवलं, तर बाबांनी. कधीपासून, तर आठवतं तेव्हापासून. तू मला कधी लिहिलं नाहीस की घरात हे चालतं. बाबा म्हणायचे, म्हणते, तुझी मावशी मागावर आहे, तिला एक दिवस ऐकू येणार नाही, तेव्हा तिच्याशी बोलायला कोणीतरी हवं. कान असे होणार हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं, आणि मी काय बोलले ते पोटात ठेवून पोरीला माझी बोली शिकवत बसले. धाकटे, मी त्या माणसाला डाग म्हटलं होतं.

चार दिवस पोरीने मला बोलून बोलून दमवलं. तिच्या ओठांत थोडं तिकडचं वळण आहे, पण तीन-चार शब्द सोडले तर सगळं कळलं. शनिवारी त्यांना कँटीनला नेलं. पिवळीने मेहुण्यांच्या पाठीत असा धपाटा घातला की चहा सांडला. चिमणी खिडकीजवळ बसून बघत होती. मग पोरगी सरळ उठून तिच्यासमोर गेली आणि ओठांनी म्हणाली, तुम्ही चिमणीमावशी ना? ताईमावशी म्हणते तुम्ही सगळ्यांत सुंदर बोलता. मी असं कधी म्हटलं नव्हतं. चिमणीचा चेहरा बघण्यासारखा झाला. पोरीचे ओठ बघून ती हळूहळू मेहुण्यांकडे बघायला लागली, मग पिवळीकडे, मग अख्ख्या टेबलाकडे, आणि मला दिसलं की तिला कळलं. गुपित फोडलं म्हणून मी पिवळीची माफी मागायला वळले, तर ती म्हणाली, जाऊ दे, आता डोळे दुखतात लांबून बघून. सोमवारी चिमणी आमच्या टेबलापाशी आली. बसली नाही. उभ्यानेच मीठ मागितलं आणि गेली. बघू.

तुझा पेला मी कपाटातून काढून तिथल्या फळीवर ठेवलाय, माझ्या शेजारी. त्याआधी चार दिवस पोरगी घरी त्यातच दूध प्यायली, टवक्याची बाजू पलीकडे धरून.

तू रागावलेली आहेस. राहा. मी तुला समजावायला जाणार नाही आणि मेहुण्यांनाही मधे घालणार नाही. पाच वर्षं तू लिहीत होतीस आणि मी गप्प होते. आता पाच वर्षं मी लिहीन आणि तू गप्प राहा. त्यानंतर बघू.

एक राहिलं. परवा स्टँडवर ते दोघं बसमध्ये चढले. काच घट्ट बसलेली, उघडेना. पोरीने काचेला नाक लावलं आणि ओठांनी म्हणाली, "मावशी, नखं दाखव."

मी मेहुण्यांकडे पाहिलं. ते तिच्या मागे बसले होते, आणि या वेळी खरंच हसत होते, मला चुकून वाटलं तसं नाही. मी दोन्ही हात वर केले, बोटं पसरून, दहाच्या दहा नखं, निळी. पोरीने ती मोजल्यासारखी बघितली आणि आपले दोन्ही पंजे काचेला लावले. मेहुण्यांनी तिच्या शेजारी आपला टाकीच्या रंगाने लाल झालेला हात लावला. बस हलली तरी मी तशीच उभी होते, हात वर करून. स्टँडवरच्या लोकांना वाटलं, म्हातारी टाटा करतेय.

तुझी ताई